ज्यू दफनभूमींचे जतन : वास्तू सावरल्या, शिलालेख झिजत चालले

२०१९ या एकाच वर्षात भारतातील ज्यू वारशाच्या संदर्भात दोन परस्परविरोधी घटना घडल्या. वर्षाच्या प्रारंभी मुंबईतील काळा घोडा परिसरात १८८४ साली उभारलेले केनेसेथ एलियाहू सिनेगॉग जीर्णोद्धारानंतर पुन्हा खुले झाले. युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागातील वारसा जतन पुरस्कारांमध्येही त्याच वर्षी या कामाची दखल घेतली गेली. सप्टेंबर महिन्यात कोचीच्या मट्टनचेरी भागातील कडवुंभागम सिनेगॉगच्या इमारतीचा मोठा भाग पावसात कोसळला. या प्रार्थनास्थळातील कोरीव लाकडी अंतर्भाग कित्येक वर्षांपूर्वीच जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात नेण्यात आला होता. मागे राहिलेल्या भिंतींचा उपयोग मधल्या काळात गोदामासारखा होत होता.

या दोन वास्तूंच्या दैवात एवढे अंतर का पडावे, याचे उत्तर धर्मद्वेषात सापडत नाही. भारतात ज्यूंना त्यांच्या शेजाऱ्यांकडून छळ सोसावा लागला नाही, हे स्वतः ज्यू इतिहासकारच आवर्जून नमूद करतात. २००८ साली मुंबईत नरिमन हाउसवर झालेला हल्ला हा देशाबाहेरून आलेल्या दहशतवाद्यांचा होता. अंतर पडले ते माणसांमुळे. केनेसेथ एलियाहूच्या मागे चालता विश्वस्त न्यास होता, महानगरातील दाते होते, काळा घोडा असोसिएशनसारखी संस्था होती आणि विकास दिलावरी यांच्यासारखे जाणकार जतन-वास्तुविशारद होते. मट्टनचेरीत मात्र प्रार्थनेला जमणारा समाजच १९५० च्या दशकात इस्रायलला निघून गेला होता.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली, त्या सुमारास भारतात वीस हजारांहून अधिक ज्यू राहत होते. आज ही संख्या चार ते पाच हजारांच्या घरात असल्याचे मानले जाते. सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थना होण्यासाठी परंपरेने किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. ज्या गावी ती जमत नाही, तेथील प्रार्थनास्थळ आपोआपच कुलूपबंद होते. तरीही इमारतीला छप्पर असते, दर्शनी भाग असतो, छायाचित्र काढण्याजोगे काहीतरी असते. पर्यटन विभागाला ती दाखविता येते आणि देणगीदाराला तिच्यावर आपल्या नावाची पाटी लावता येते. दफनभूमीच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. म्हणूनच ज्यू वारशाच्या जतनाची चर्चा सिनेगॉगपाशी सुरू होऊन बहुधा तेथेच संपते. वास्तविक ज्यू धर्मशास्त्राच्या दृष्टीने जतनाचे कर्तव्य दफनभूमीच्या बाबतीत अधिक कठोर आहे.

ज्यू परंपरेत कबर ही कायमची असते. एकदा मृतदेह पुरल्यानंतर ती जागा पुन्हा वापरली जात नाही आणि काही मोजके अपवाद वगळता अस्थी हलविण्यास मनाई आहे. सिनेगॉग काही अटींवर विकता येते, दफनभूमी विकता येत नाही. ‘बेत हाइम’ म्हणजे ‘जिवंतांचे घर’ हे दफनभूमीचे हिब्रू नाव याच श्रद्धेतून आले आहे. परिणामी, शेवटचे ज्यू कुटुंब गाव सोडून गेले तरी त्या गावाशी असलेला समाजाचा संबंध संपत नाही. घर विकले जाते, तेलाचा घाणा मोडीत निघतो, कबरस्तान तेवढे मागे राहते.

या दृष्टीने पाहता देशातील सर्वांत मोठा प्रश्न कोकणात, त्यातही रायगड जिल्ह्यात आहे. बेने इस्रायल समाजाच्या पारंपरिक कथेनुसार, शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेते गावाजवळ पुरण्यात आली, अशी श्रद्धा आहे. घटनेचा काळ कोणता, यावर अभ्यासकांत एकमत नाही. परंतु नवगावची दफनभूमी हे समाजाचे मूळस्थान मानले जाते, तेथे स्मारकस्तंभ उभारलेला आहे आणि इस्रायलहून येणारी कुटुंबे आजही तेथे जातात.

वाचलेल्यांचे वंशज कोकणातील गावोगाव विखुरले. तेल गाळण्याचा व्यवसाय त्यांनी पत्करला. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, त्यांचे घाणे बंद असत, त्यामुळे गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ असे नाव दिले. कोकणी रिवाजाप्रमाणे गावावरूनच त्यांची आडनावे पडली : केहिमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर. या यादीकडे पाहून कोणालाही ती ज्यू आडनावे आहेत असे वाटणार नाही, आणि हाच या समाजाच्या इतिहासाचा गाभा आहे. अलिबागमध्ये इस्रायल आळी आहे, अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथे जुनी सिनेगॉग आहेत आणि त्यांच्या अवतीभोवतीच्या गावांत कबरस्ताने आहेत. त्यांपैकी काही नेटकी राखलेली आहेत, तर काही करवंदीच्या जाळीत आणि पावसाळी गवतात दिसेनाशी झाली आहेत.

कोकणातील जुन्या कबरी ओळखणे सोपे नाही. आरंभीच्या पिढ्यांनी अनेक ठिकाणी नाव न कोरता नुसते दगड रचून ठेवले. हिब्रू वाचन-लेखनाचा प्रसार समाजात एकोणिसाव्या शतकात वाढला आणि त्यात कोचीहून आलेल्या शिक्षकांचा मोठा वाटा होता. त्यानंतरच्या कबरींवर हिब्रू आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी आढळतो, पुढे त्यात इंग्रजीची भर पडली. हिब्रू मजकुरात मृताचे नाव आणि वडिलांचे नाव असते. वर्ष आकड्यांनी न लिहिता अक्षरांनी लिहिलेले असते, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्यामूल्य आहे. ही कालगणना सृष्टीच्या उत्पत्तीपासून धरली जाते. उदाहरणार्थ, ५६५० हे हिब्रू वर्ष इसवी सन १८८९-९० शी जुळते. मराठी मजकुरात मात्र गावावरून पडलेले आडनाव येते. म्हणजे एकच माणूस एका दगडावर दोन ओळखींनी नोंदलेला असतो : धर्मशास्त्रासाठी अमुकचा पुत्र आणि गावासाठी अमुक गावकर.

या दगडांचे महत्त्व भावनेपुरते नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्रायलमधील धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत शंका उपस्थित केली आणि विवाह नोंदविण्यापूर्वी त्यांच्या मागील पिढ्यांची चौकशी करण्याचे निर्देश १९६२ मध्ये दिले. भारतातून गेलेल्या या समाजाने त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये आंदोलन केले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांची बाजू घेतली आणि ते अन्य ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असे स्पष्ट केले. वंशावळ सिद्ध करण्याचा प्रसंग या समाजावर असा प्रत्यक्ष ओढवलेला आहे. कोकणातील खेड्यात जन्म-विवाहाच्या धार्मिक नोंदवह्या फारशा जुन्या नसतात, असलेल्या वाळवी आणि दमट हवेने खाल्लेल्या असतात. अशा स्थितीत वडिलांच्या नावासह कोरलेला दगड हाच पुष्कळदा सर्वांत जुना कागद ठरतो.

मराठी भाषेचेही त्यात काही गुंतलेले आहे. वल्हांडण सणाला वाचल्या जाणाऱ्या हगादाची मराठी अनुवादासह आवृत्ती मुंबईत १८४६ मध्ये छापली गेली. बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचून ती गाण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायलांमध्ये रुजली. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला, पण तो प्रसिद्ध व्हायला १९३७ साल उजाडले आणि तोही तेल अवीवमध्ये. छापील साहित्य निदान ग्रंथालयांत आहे. कबरींवरील मराठी मात्र उघड्यावर आहे. एकोणिसाव्या शतकातील खेड्यातील मराठी लोक मृत्यूविषयी काय आणि कसे लिहीत, कोणते शब्द आदराचे मानत, हिब्रू नावे देवनागरीत कशी उतरवीत, याचा हा एक दुर्मिळ संग्रह आहे. मराठीच्या विद्यापीठीय अभ्यासात त्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेलेली नाही, असेच म्हणावे लागेल.

निसर्ग या संग्रहाला फारसा वेळ देणार नाही. अलिबाग परिसरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यावरची अक्षरे मुळातच उथळ असतात, शिवाय खारे वारे, शेवाळ आणि वड-पिंपळाची मुळे आहेतच. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यात हजारो झाडे उन्मळून पडली. झाड पडते तेव्हा त्याच्या मुळांत अडकलेला दगडही उखडला जातो.

निसर्गापेक्षा वेगाने जवळ येणारी गोष्ट म्हणजे जमिनीचा भाव. मुंबई आणि मांडवा यांच्यातील रो-रो बोटसेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. अलिबाग तालुका आता मुंबईकरांच्या दुसऱ्या घराचा तालुका झाला आहे. ज्या जमिनीकडे पन्नास वर्षे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, तिची मोजणी आता मागितली जाते. कुंपण नसलेली, वहिवाट थांबलेली, सातबाऱ्यावर संदिग्ध नोंद असलेली दफनभूमी अशा वेळी सर्वांत दुबळी ठरते. येथे कोणाचा वाईट हेतू असलाच पाहिजे असे नाही. शेजारच्या शेताचा बांध दरवर्षी वीतभर सरकला, तरी दोन पिढ्यांत कबरींची एक ओळ नाहीशी होते.

कायद्याची चौकट या प्रश्नाला नेमकी लागू पडत नाही. १९५८ च्या केंद्रीय प्राचीन स्मारक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वास्तूला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून संरक्षण देता येते. कोलकात्यातील बेथ एल आणि मागेन डेव्हिड ही सिनेगॉग अशा प्रकारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. परंतु देशभरातील अशा स्मारकांची एकूण संख्या सुमारे ३,७०० आहे आणि त्यांतील कित्येकांनाही पुरेसे मनुष्यबळ मिळत नाही. खेड्यातील तीस-चाळीस कबरींचे मैदान राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत जाण्याची शक्यता फार कमी. दुसरी अडचण गावाची आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामास बंदी असते आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. गावठाणालगतच्या कबरस्तानाला असा दर्जा मिळाला, तर आसपासच्या वीस-पंचवीस घरांना आपली पडवीही वाढविता येणार नाही. आजवर त्या कबरींना हात न लावणारे शेजारीच मग विरोधात उभे राहतील. संरक्षण देण्याच्या नादात सद्भाव गमावणे परवडणारे नाही.

मुंबई शहरात १९९५ पासून वारसा नियमावली आहे. तिच्यात वास्तूंची श्रेणी ठरते आणि दुरुस्तीला शिस्त लागते. अशी व्यवस्था कोकणातील ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचलेली नाही. उरतो तो सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. या १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. कागदावर हे कवच भक्कम आहे. मात्र त्यासाठी ती जमीन न्यासाच्या मालमत्तेच्या यादीत नोंदलेली असावी लागते आणि हरकत घ्यायला विश्वस्त हयात व जवळपास असावे लागतात. समाज एका पिढीत समुद्रापलीकडे गेला असेल, तर नेमका हाच दुवा निखळतो.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना राज्यात अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. शिक्षणसंस्था आणि विवाहनोंदणीसारख्या बाबतींत त्याचा जिवंत माणसांना लाभ आहे आणि निर्णय स्वागतार्हच होता. पण अल्पसंख्याक वस्त्यांसाठीच्या मूलभूत सुविधांच्या योजना साधारणपणे त्या गावातील लोकसंख्येच्या हिशेबाने आखलेल्या असतात. जेथे एकही ज्यू मतदार नाही आणि शंभर ज्यू कबरी आहेत, अशा गावाला त्या हिशेबात जागा नाही. सध्याच्या धोरणातील ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती ज्यूंपुरती मर्यादित नाही. पारशी, आर्मेनियन, डच, इंग्रज अशा अनेक समाजांच्या मृतांच्या जागा देशभर अशाच निराधार आहेत.

देशातील इतर राज्यांनी काय केले, हे पाहणे उपयुक्त ठरेल. केरळ शासनाने मुझिरिस वारसा प्रकल्पात चेंदमंगलम आणि परवूर येथील सिनेगॉगची दुरुस्ती करून तेथे संग्रहालये केली. चेंदमंगलमच्या प्रांगणात ‘सारा, इस्रायलची कन्या’ हिच्या कबरीचा १२६९ सालचा हिब्रू शिलालेख उभा आहे. भारतात सापडलेल्या हिब्रू शिलालेखांत तो सर्वांत जुना मानला जातो. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीबद्दल आज जे काही ठाऊक आहे ते या एका दगडामुळे. शासनाने पुढाकार घेतल्यास समाज गेल्यानंतरही वारसा टिकू शकतो, याचे हे उदाहरण आहे. मात्र त्याच केरळात कडवुंभागम कोसळले, हेही विसरता येत नाही. प्रकल्पाच्या सीमेच्या आत आलेली वास्तू वाचली, बाहेर राहिलेली गेली.

कोलकात्यात वेगळे चित्र आहे. तेथे आता मोजकेच ज्यू उरले आहेत. सिनेगॉगची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कुटुंबांतील सेवक करीत आले आहेत आणि शहरातील ज्यू कन्याशाळेत बहुसंख्य विद्यार्थिनी मुस्लिम आहेत. मोरोक्कोतही अनेक ज्यू दफनभूमींचे राखणदार स्थानिक मुस्लिम आहेत. त्या देशात दोन-तीन हजार ज्यू उरले असतानाही राजसत्तेच्या पाठिंब्याने २०१० मध्ये हाती घेतलेल्या उपक्रमात १६७ दफनभूमी दुरुस्त करण्यात आल्या. तेथे भर होता तो भिंती, दरवाजे, साफसफाई आणि दगड सरळ करण्यावर. संगमरवरी स्मारके बांधण्यावर नव्हता.

युरोपचा अनुभव अधिक वेदनादायी आहे. ग्रीसमधील थेसालोनिकी येथे तीन लाखांहून अधिक कबरी असलेली दफनभूमी जर्मन ताब्याच्या काळात, डिसेंबर १९४२ पासून, उद्ध्वस्त करण्यात आली. तिचे दगड बांधकामांत वापरले गेले आणि पुढे त्या जागेवर विद्यापीठ उभे राहिले. पूर्व युरोपात असंख्य खेड्यांतील संपूर्ण ज्यू वस्ती ठार झाल्याने कबरींना वाली उरला नाही. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या युरोपीय ज्यू दफनभूमी उपक्रमाने जर्मन सरकारच्या निधीतून अशा जागांभोवती कुंपणे घालण्याचे काम हाती घेतले. आधी सीमा शोधायची, जुने नकाशे आणि हवाई चित्रे जुळवायची, स्थानिक नगरपालिकेशी करार करायचा आणि मग कुंपण, असा त्यांचा क्रम आहे. भारतातील परिस्थितीची तुलना त्या संहाराशी करणे सर्वथा अनुचित ठरेल. पण माणसे ठार झाली काय किंवा स्वखुशीने विमानात बसून गेली काय, मागे राहिलेल्या जमिनीचा कारभार सारख्याच प्रकारे अडतो. तेवढ्यापुरता तो क्रम येथेही उपयोगी पडेल.

कोकणात असे काम फार खर्चिक असणार नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेऊन सीमा कायम करणे, सातबाऱ्यावर दफनभूमी अशी स्पष्ट नोंद करणे आणि ती धर्मादाय आयुक्तालयातील न्यासाच्या नोंदीशी जुळविणे, ही कामे विद्यमान नियमांत बसतात. कुंपण आणि वर्षातून दोनदा गवतकापणी ग्रामपंचायतीकडे सोपविता येईल, त्यासाठी जिल्हा पातळीवर वेगळा छोटा निधी ठेवावा लागेल आणि तो लोकसंख्येच्या अटीतून मोकळा असावा लागेल. एका समाजाच्या कबरींवर सार्वजनिक पैसा का खर्च करावा, असा आक्षेप येऊ शकतो. आक्षेप अगदीच अनाठायी नाही, कारण त्याच गावात पाण्याची टाकी अपुरी असते. परंतु येथे प्रश्न भव्य बांधकामाचा नाही. एका कुंपणाचा खर्च हा पर्यटन जाहिरातींच्या एखाद्या फलकाच्या खर्चाच्या आसपासचा असतो, आणि ज्यू वारसा पर्यटनाच्या घोषणा अधूनमधून होतच असतात.

दुरुस्ती चुकीच्या पद्धतीने झाली तर दुर्लक्षापेक्षा अधिक हानी होते, हे मात्र लक्षात ठेवावे लागेल. उत्साही दात्यांनी जुन्या कबरींवर सिमेंटचा गिलावा केला किंवा झिजलेला दगड काढून तेथे ग्रॅनाइटची चकचकीत फरशी बसविली की मूळ मजकूर कायमचा जातो. आम्लाने धुणे, तारेच्या ब्रशने घासणे, अक्षरे उठावीत म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरणे, हे सारे टाळले पाहिजे. जुन्या दगडकामाला चुन्याचा गिलावा मानवतो, सिमेंट मानवत नाही. अक्षरे वाचण्यासाठी दगडाला हात लावण्याचीही गरज नसते. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात, अथवा आरशाने बाजूने प्रकाश टाकून छायाचित्र घेतले की डोळ्यांना न दिसणारी रेषही उमटते. प्रत्येक कबरीचे असे छायाचित्र, तिचे स्थान आणि मजकुराची नोंद, एवढे काम एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी व इतिहास विभागांना दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत करता येण्याजोगे आहे.

त्यात खरी टंचाई आहे ती वाचणाऱ्यांची. हिब्रू वाचणारे इस्रायलमध्ये लक्षावधी आहेत आणि जुने देवनागरी मराठी वाचणारे महाराष्ट्रात कोट्यवधी आहेत. एकाच दगडावरील दोन्ही मजकूर वाचून ‘हे आमच्या अमुक गावच्या अमुक घराण्यातील’ असे सांगू शकणारी माणसे मात्र आता सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांतील बरीचशी अश्दोद, दिमोना, लोद अशा इस्रायली शहरांत स्थायिक झाली आहेत. तेथे मराठी अजूनही बोलली जाते, पण नातवंडांची बोली हिब्रू झाली आहे. छायाचित्रे येथे काढून तिकडे पाठविणे आजच्या काळात कठीण नाही. फक्त ती पाहायला बसणारी पिढी हाती किती वर्षे आहे, याचा हिशेब कोणत्याही शासकीय वेळापत्रकात मांडलेला नाही.